कुड्या तिला, मांजर मला

माझ्या धाकट्या बहिणीने मला फसवलं. मांजरावरून फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी तिची कीव करत बसणार नाही.

बाजारात मला कोणी फसवू शकलेलं नाही. पेणच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान मी माझ्या हिमतीवर उभं केलं. आधी डोक्यावर टोपली, मग रस्त्याच्या कडेला गोणपाट, मग भाड्याची फळी, मग दुकान आणि दुकानामागे राहायची खोली. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. बोंबील घेऊन येणारे लोक टोपलीत वर पांढरे, कडकडीत बोंबील रचतात आणि खाली दमट, लाल पडलेले दडपतात. मी वरच्या थराकडे बघतसुद्धा नाही, हात थेट तळाला घालते. विकतानाही तसंच. मी भाव सोडत नाही, गिऱ्हाइकाशी भांडते, तोंडाने फटकळ आहे, पण टोपली त्याच्यासमोर उलटी करते. तळ बघ, मग भाव कर. आईने शिकवलेली एवढी एकच गोष्ट मी पाळली.

माझ्या बहिणीला घासाघीस कधी करावी लागली नाही. आई मासे वाढायची तेव्हा मधला तुकडा आपसूक तिच्या ताटात पडायचा आणि डोक्याकडचा माझ्या. मी तोंड वाकडं केलं की आई म्हणायची, "तुजं काय गो, तू मिलवशील." आई बरोबर बोलत होती. मी मिळवलं. पण मिळवलेल्या वस्तूची चव वेगळी आणि न मागता ताटात पडलेल्या तुकड्याची चव वेगळी, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

तिचं लग्न रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या माणसाशी झालं. त्यांनी तिथेच वरसे गावात घर बांधलं. लाद्या गुळगुळीत, स्वयंपाकघरात फ्रीज. मी गेले की ती उगाच फ्रीज उघडायची आणि बंद करायची. आत पाण्याच्या बाटल्या आणि कोथिंबीर, दुसरं काही नाही. तरी ते दार बंद होताना जो मऊ आवाज यायचा तो मला सहन व्हायचा नाही.

आई शेवटपर्यंत खाडीकाठच्या आमच्या गावात राहिली. वडील मिठागरावर राबून आधीच गेले होते. आईच्या घरात मांजर नाही असा दिवस मी पाहिला नाही. आमच्याकडे घशात माशाचा काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, आणि तरी नाही उतरला तर मांजर धरून त्याचा पंजा गळ्यावरून खाली फिरवायचा. आई हे अगदी गंभीरपणे करायची. मांजर वैतागायचं, माणूस हसायला लागायचा, आणि हसता हसता काटा उतरायचा.

आई गेली तेव्हा वाटून घेण्यासारखं घरात फार नव्हतं. तिच्या कानातल्या सोन्याच्या कुड्या होत्या, आणि तिच्या शेवटच्या मांजरीचं पिल्लू होतं. राखाडी रंगाचं, शेपटी जन्मापासून अर्धी. मावशी मध्ये बसली आणि म्हणाली, "बोला, कोनाला काय पायजे?" बहिणीची नजर कुड्यांवर होती. मी तिची मोठी बहीण, गिऱ्हाइकाची नजर मला कळते. मी म्हटलं, "कुड्या तिला. मांजर मला."

बहीण हसली. "मांजर काय वाटनीत घेतेस गो बाय?"

"घेतलं. मावशी, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं," मावशी म्हणाली. सौदा झाला. बहिणीने तिथेच कुड्या कानात घातल्या. आरशात बघून आली. मी पिल्लू टोपलीत घालून पेणला आणलं.

ते मांजर दुकानात वाढलं. जवळ्याच्या गोणीवर त्याची जागा ठरलेली. जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, नखाएवढी; तिची गोणी मऊ आणि उबदार. मांजर तिच्यात खड्डा करून झोपायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "मालकीनबाय, मांजर माल खात नाय?" मी म्हणायचे, "खातं, पन भाव करून खातं." त्याने खरंच कधी टोपलीला तोंड लावलं नाही. मी हातावर बोंबलाचं डोकं दिलं तरच खायचं. दुपारी बाजार ओसरला की माझ्या मांडीवर येऊन बसायचं आणि घरघरायचं. आईच्या मांडीवर त्याची आई बसायची तसंच. कुड्या घेणाऱ्या बाईला हे मिळालं नाही, असं दर दुपारी माझ्या मनात यायचं आणि मला बरं वाटायचं. ते मी लपवत नाही.

एका मे महिन्यात, आगोटीची गर्दी सुरू असताना, म्हणजे लोक पावसाळ्याची बेगमी भरतात त्या दिवसांत, मांजराच्या घशातून आवाज यायला लागला. दुकान गोण्यांनी छतापर्यंत भरलेलं. दिवसभर जवळा चाळायचा, पाखडायचा, भुकटी उडायची, आणि संध्याकाळी किडे लागू नयेत म्हणून कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. मांजर गोणीवरून उतरायचं, जमिनीलगत बसायचं, कोपरं बाहेर काढायचं, मान पुढे लांब करायचं आणि खस् खस् खस्. मध्येच बारीक शिटीसारखा सूर. बाहेर काही पडायचं नाही. मग एकदा गिळायचं आणि काही झालंच नाही अशा थाटात अंग चाटत बसायचं.

शेजारच्या पापडवालीने लगेच निकाल दिला. "काटा अडकलाय."

आमच्या भागात घशाचं दुसरं दुखणंच नाही. माणूस खोकला तरी पहिला प्रश्न, काल काय खाल्लंस. मी भाताचा गोळा करून मांजराच्या जबड्यात घातला. त्याने थुंकला. केळं घातलं. तेही थुंकलं आणि मला ओरबाडलं.

"आता पंजा फिरव," पापडवाली म्हणाली.

"अगो, मांजराच्या गल्यावरून कोनाचा पंजा फिरवू? तुजा?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "माजा नको. तुजाच फिरव, तुजी नखं काय कमी हायत?"

आवाज दोन दिवस थांबायचा, परत यायचा. मग बहीण आगोटीची खरेदी करायला आली. जवळा, बोंबील, सोडे दरवर्षी ती माझ्याकडूनच न्यायची आणि दरवर्षी मी तिला तळ दाखवूनच द्यायचे. बहीण म्हणून वेगळा माल नाही आणि वेगळा भावही नाही. तिने मांजराला खोकताना पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"बाय, हे बरं नाय. माज्याकडं दे. रोह्याला जनावरांचा डॉक्टर हाय. यांची रातपाली असली की दिवसा घरीच असतात, आमी दोगं नेऊ."

"बरं झालं की परत."

"व्हय गो बाय. परत नाय तर काय, मी ठेवनार हाय?"

गिऱ्हाइकं रांगेत उभी होती. मी मांजर तिच्या हातात दिलं. या वेळी मावशी मध्ये नव्हती.

त्यानंतर पाऊस लागला. मी एसटीडी बूथवरून तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचे आणि ते तिला बोलावून आणेपर्यंत बूथवाल्याच्या मीटरकडे बघत उभी राहायचे.

"कसं हाय?"

"बरं हाय. आता आवाज नाय."

"डॉक्टर काय बोल्ला?"

"इंजेक्शन दिलं. बोल्ला, आताच हलवू नका."

पुढच्या खेपेला म्हणाली, पावसात टोपलीतून कसं पाठवू. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, त्याला इथली सवय झालीय. कारखान्यांमधून गणपतीच्या मूर्तींच्या गाड्या सुटल्या, गणपती आले, गेले, तरी माझं मांजर वरशालाच. दुपारी बाजार ओसरला की माझी मांडी रिकामी. पापडवाली म्हणायची, "दुसरं आन ना, गल्लीत पन्नास हायत." मी तिला अशी उत्तरं दिली की ती पुढचे काही दिवस माझ्याकडे पापड वाळत घालायला आली नाही.

शेवटी मी दुकान बंद करून रोह्याच्या गाडीत बसले. नागोठणं, निडी, सगळी स्टेशनं मी दात आवळून काढली. वरशाला पोचले तेव्हा दार उघडं होतं. मांजर फ्रीजवर बसलं होतं. अंग भरलेलं, केस चमकणारे. बहीण खालून काहीतरी बोलत होती आणि ते कान हलवून ऐकत होतं. माझ्याशी ते असं कधी वागलं नव्हतं. मी हाक मारली. उतरलं, माझ्याजवळ आलं, हात हुंगला, आणि वळून बहिणीच्या पायाशी जाऊन बसलं.

बाजारात माझ्या तोंडासमोरून लोक गिऱ्हाईक पळवतात. तेव्हा मी आरडाओरडा करते आणि मोकळी होते. इथे कोणावर ओरडणार? मी पाणीसुद्धा प्यायले नाही. टोपली उघडली, मांजर आत घातलं, वर फडकं बांधायला लागले.

"नेऊ नको गो बाय," बहीण म्हणाली.

"का?"

ती दारात उभी होती. कानात आईच्या कुड्या. तिने तोंड उघडलं. मी गाठ मारत होते, पण माझं लक्ष होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"सवय झालीय त्याला," एवढंच म्हणाली. "जपून ने."

मी जपून आणलं. पुढे थोड्याच दिवसांत नवा जवळा आला. गोण्या फोडल्या, चाळण सुरू झाली. मांजर त्याच्या जुन्या गोणीवर चढून झोपलं आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. आवाज परत आला तो हळूहळू. मग एका दुपारी ते गोणीवरून खाली पडल्यासारखं उतरलं. मान लांब, तोंड उघडं, जीभ बाहेर. कुत्र्यासारखं धापा टाकत होतं. मांजर असं धापा टाकताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या जांभळट.

पापडवाली भाताचा गोळा घेऊन आली. मी तिचा हात झिडकारला. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या जबड्यात काही घालायला जागाच दिसत नव्हती. रिक्षा केली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. बाहेर दोन बैल, एक म्हैस, कोंबड्यांची खुराडी. म्हशीवाला म्हणाला, "बाई, नंबर हाय."

"तुज्या म्हशीला काय झालंय?"

"दूध आटलंय."

"म्हंजे श्वास चालू हाय. बस मंग." आणि मी आत घुसले.

डॉक्टरने मांजराकडे एकदा पाहिलं आणि मला एक प्रश्नही न विचारता इंजेक्शन भरलं. मग खिडकी उघडली, माणसं बाहेर काढली, मला म्हणाला, हात लावू नका, दाबून धरू नका, शांत राहू द्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. हळूहळू मांजराचं तोंड मिटलं. बरगड्या अजून उडत होत्या, पण तोंड मिटलं.

तेव्हा डॉक्टरने त्याच्या शेपटीकडे पाहिलं. "हे अर्ध्या शेपटीचं मांजर मी बघितलंय. रोह्याला. माझी बदली होऊन इथं आलो त्याच्या आधी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिथं याला घेऊन आलेल्या बाईंची बहीण तुम्ही? सुक्या मासळीचं दुकान?"

"व्हय."

"मग परत दुकानात कशाला ठेवलंत? मी त्या बाईंना बजावून सांगितलं होतं. जवळ्याची भुकटी, धुरी, यानं याची श्वासनळी सुजते. दम्यासारखा आजार आहे. म्हणाल्या, दुकान बहिणीचं आहे. मी म्हटलं, मग बहिणीला सांगा. सांगितलं नाही का त्यांनी?"

मी मांजराच्या उडणाऱ्या बरगड्यांकडे बघत राहिले. त्याला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तो समजावत बसला. तो भला माणूस होता. म्हणाला, काटा असता तर लाळ गळली असती, पंजाने तोंड ओरबाडलं असतं, खाणं सोडलं असतं. केसांचा गोळा असता तर पोट आत ओढून ओकलं असतं आणि काहीतरी बाहेर पडलं असतं. मान लांबवून खोकतं, शिटी वाजते आणि बाहेर काही येत नाही, तेव्हा ते छातीचं दुखणं समजायचं. एकदा खोकून खेळायला लागलं तर लक्ष ठेवा, पण पुन्हा पुन्हा झालं तर घेऊन या. आणि तोंड उघडून श्वास घेतंय, हिरड्यांचा रंग बदललाय, तर घरचा एकही उपाय करत बसू नका, निघा.

"आमी भाताचा गोळा देतो," मी म्हटलं.

"धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात गोळा? तो श्वासनळीत गेला तर मी काय करू?"

"मानसांना उतरतो."

"माणूस सांगतो कुठं टोचतंय. हे सांगतं का?"

मी विचारलं, दुकानामागच्या खोलीत ठेवलं तर? त्याने माझ्या लुगड्याकडे, हातांकडे पाहिलं. "तुमच्या अंगावरच भुकटी आहे, बाई."

परतताना रिक्षात मी ते वाक्य घोळवत होते. ज्या धंद्याने मी उभी राहिले तोच माझ्या मांजराच्या छातीवर बसला होता. हे कळायला हवं होतं ते मेमध्ये, गणपतीच्याही आधी. कळलं असतं तर मी जवळा विकायचा बंद केला असता, की मांजर सोडलं असतं, मला माहीत नाही. पण तो सौदा माझा होता. माझ्या मालाचा, माझ्या मांजराचा. तो माझ्या बहिणीने माझ्या पाठीमागे परस्पर उरकला होता.

मांजर दोन दिवस पापडवालीकडे ठेवलं. गोळ्यावरून झालेलं सगळं विसरून तिने ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं. मग मी साबण लावून अंघोळ केली, पेटीतलं धुतलेलं लुगडं नेसले, टोपली घेतली आणि वरशाला गेले. मांजर तिच्या लादीवर सोडलं. ते सरळ फ्रीजवर चढलं.

"डॉक्टर भेटला," मी म्हटलं. "बदली होऊन पेनला आलाय."

तिचा चेहरा उतरला. चहाचं भांडं शेगडीवर ठेवून वळली. मी तिचा दंड धरला.

"का नाय सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस? तू डॉक्टरशीच भांडली असतीस. माज्या मालाला नाव ठेवतो, म्हनून."

"भांडले असते. मंग?"

"मंग जवला बंद केला असतास?"

"ते मी ठरवलं असतं. तू कोन ठरवनारी?"

तिने दंड सोडवून घेतला. तिच्याही आवाजाला धार आली. आम्ही एकाच आईच्या. "आईच्या घरचं माज्याकडं काय हाय गो?"

"कुड्या हायत!"

"कुड्या बोलतात व्हय? कुड्या मांडीवर येऊन बसतात?"

"तूच घेतल्यास. मावशीसमोर. हसलीस पन."

चहा उतू गेला. तिने तो पुसला, परत केला, माझ्यासमोर ठेवला. मी तो प्यायले नाही.

मांजर तिच्याकडे बरीच वर्षं जगलं. घशाचा तो आवाज परत कधी आला नाही, हे मला तिच्या शेजाऱ्यांकडूनही कळायचं, कारण तिच्या एकटीच्या शब्दावर मी विसंबत नव्हते. मी अधूनमधून जायचे. जायच्या आधी अंग घासून घ्यायचे, केस धुवायचे, जवळ्याचा कण राहू नये म्हणून. आणि इतकी स्वच्छ होऊन जायचे की मांजर मला ओळखायचं नाही. वासावरून ओळखणारं जनावर ते. लांब बसून बघत राहायचं, पाहुणीकडे बघावं तसं. ओळख पटून मांडीवर येईपर्यंत माझ्या गाडीची वेळ झालेली असायची. बहीण ओट्याशी उभी राहून हे पाहायची. मला घ्यायला सांगायची नाही, उचलून द्यायची नाही. तिला काही करावं लागत नाही. तिच्या ताटात आपसूक पडतं.

आता मांजर नाही. कुड्या आहेत. मागच्या वेळी भेटलो तेव्हाही तिच्या कानात होत्या. मावशी गेली, साक्षीला आता कोणी नाही, म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. ती हे वाचणार. मी लिहिलेलं ती वाचते, शेजारणींना वाचून दाखवते, हेही मला माहीत आहे. हेही दाखव.

मला कुड्या नकोत. मांजराला तुझ्याकडे बरा श्वास मिळाला, तेही मी मान्य करते; ते भांडण नाही. मी तुला दरवर्षी टोपली उलटी करून माल दिला. तू मला वरचा थर दाखवलास आणि तळ झाकलास. त्या दिवशी मी फडक्याची गाठ मारत होते, तू दारात तोंड उघडलंस आणि मिटलंस. मी त्याला घेऊन जवळ्याच्या गोण्यांत चालले होते हे तुला ठाऊक होतं. तरी तू म्हणालीस, जपून ने. माझ्याकडे ते मेलं असतं तर कुणी मारलं म्हणाली असतीस? मी ना? चहा नको, फ्रीजचं पाणी नको. याचं उत्तर दे.